तिपानी मोगरा

अबू अरीश गावालगतच्या वादीत, म्हणजे एरवी कोरड्या राहणाऱ्या नदीच्या खोऱ्यात, कुणाच्या दारातला मोगरा रुसला, की माणसं त्याला खत घालत बसत नाहीत. त्याचं एक पान तोडतात आणि शूइयाकडे जातात. शूइया पान हातात घेते, पालथं करते, देठाशी अंगठ्याने चेपते आणि मग त्या माणसाला त्याच्याच घरातल्या गोष्टी सांगते. झाड भिंतीच्या सावलीत आहे, सून उठल्याबसल्या पाणी ओतते, थंडीत कुणी छाटलेलं नाही. "आजारी नाही ते," म्हणते, "लाडावलंय. पंधरा दिवस उपाशी ठेवा." माणूस तोंड पाडून जातो आणि महिन्याभरात कळ्यांची पुडी घेऊन परत येतो.

इथे मोगऱ्याला नुसतं 'फुल्ल' म्हणतात. बाकीच्या फुलांना आपापली नावं आहेत, पण फुल्ल म्हटलं की मोगराच. ईदला फुल्ल, बारशाला फुल्ल, हज करून आलेल्याच्या गळ्यात फुल्ल, आणि नवरीच्या तर डोक्यापासून छातीपर्यंत फुल्लच फुल्ल, मधे मधे सब्जा आणि केवडा. त्यामुळे जिला फुल्ल कळतो तिला सगळं कळतं, असं लोक धरून चालतात.

शूइया साठीची, हाडं मोजून घ्यावीत अशी वाळकी. डोक्याला ओढणी, ओढणीवर ताडाच्या पातीची रुंद टोपी. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण शूइयाच्या जिभेला होतं आणि ते समोरच्याला लागायचं. सगळी वादी तिला खाला म्हणायची. खाला म्हणजे मावशी. नात्याची असो नसो, वडीलधाऱ्या बाईला खालाच म्हणतात. एकटी अबीर तिला यम्मा म्हणायची, म्हणजे आई. आणि एकटी अबीरच तिची खरीखुरी भाची होती, सख्ख्या बहिणीची मुलगी.

घरामागे शूइयाची सत्तरेक झुडपं होती, बारमाही हिरवी. त्यातली दाराजवळची अकरा झुडपांची रांग वेगळी राखलेली. तिला सगळे 'सालिहाची रांग' म्हणत. सालिहा म्हणजे अबीरची मेलेली आई. त्या रांगेतला फुल्ल बाजारात जात नसे. अबीर रोज दुपार कलली की तिथल्या कळ्या खुडायची, उशाशी ठेवायची, आणि दिवेलागणीला त्या उमलल्या की म्हणायची, "यम्मा, आई आली."

ते ऐकलं की शूइया उठून काहीतरी काम काढायची. भांडं घासायची, शेळीला हाकलायची. कारण ती अकराच्या अकरा झुडपं तिची स्वतःची होती. सालिहाचं त्यात एक पानसुद्धा नव्हतं, आणि हे जगात एकट्या शूइयाला माहीत होतं.

ते असं घडलं.

दोघी बहिणींच्या आईकडे दोन जातींचा मोगरा होता. एक साधा. पेरावर समोरासमोर दोन पानं, कळी लांबट, वास गोड. दुसरा तिपानी. एकेका पेरावर तीन तीन पानं, कळी हरभऱ्यासारखी गोल, आणि वास आधी गोड, मागाहून लवंग चावल्यासारखा किंचित तिखट. हा तिपानी आईने माहेरून आणलेला होता. वादीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. थोरली शूइया लग्न होऊन निघाली तेव्हा आईने तिला साध्याच्या फांद्या बांधून दिल्या. सात वर्षांनी धाकटी सालिहा निघाली तेव्हा तिपानीच्या. शूइयाच्या वेळी तिपानी लहान होता, फांदी काढण्याजोगा नव्हता, असं आई म्हणाली. खरंही असेल. पण शूइयाला वाटलं, लेकी दोन आणि पोटातली एकच. जे तेव्हाच बोलली असती तर चार दिवसांत विरलं असतं, ते तिने पोटात ठेवलं. पुढे आई गेली, भावाने तिचं अंगण नांगरून ज्वारी पेरली आणि तिपानी उरला तो सालिहाच्या दारात.

सालिहाला लग्नानंतर पंधरा वर्षांनी मुलगी झाली, आणि मुलगी पाच वर्षांची होते न होते तोच ती स्वतः अंथरुणाला लागली. शूइयाला मूलबाळ नव्हतं. शेवटच्या आठवड्यात सालिहाने नवऱ्याकडून तिपानीचं झाड मुळासकट काढवून तुपाच्या रिकाम्या डब्यात लावून घेतलं आणि बहिणीला बोलावलं.

"दोन अमानती देते तुला सांभाळायला," ती म्हणाली. "एक चालती, एक लावलेली. पोरीच्या लग्नात तिच्या डोक्यावर याचाच फुल्ल घाल. माझं तोंड तिला आठवायचं नाही, शूइया. वास आठवेल."

शूइयाने छातीवर हात ठेवून शब्द दिला. तो खोटा नव्हता, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

सालिहा गेली. तिच्या नवऱ्याने वर्षाच्या आत जिद्द्याला दुसरं घर मांडलं, तो मुलीसाठी पैसे धाडायचा. पण त्याआधीच, सालिहाला मातीत ठेवून दोन महिने होतात तोच, शूइयाचा नवरा हादी विहिरीवरच्या इंजिनापाशी छातीत कळ येऊन बसला तो उठलाच नाही. शूइया इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस. विधवेने त्या दिवसांत घर सोडायचं नाही, काजळ नाही, मेंदी नाही, अंगाला सुगंध नाही.

आणि नेमका तेव्हा दारातला तो डबा फुलला. डब्यात मुळं दाटलेली, वरून ऊन, पाणी द्यायचं कुणाच्या ध्यानात नाही. मोगऱ्याला तेवढंच हवं असतं. तहानला की फुलतो. सांत्वनाला आलेल्या बायका उंबऱ्यापाशी थबकून नाक वर करायच्या. हादीची बहीण जाबिरा तर चार बायकांत म्हणाली, "माझ्या भावाची इद्दत आहे की नवरीची खोली? वासाने डोकं भणभणलं माझं." बायका तोंडावर ओढणी घेऊन खोकल्या. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

कळ्या खुडून शेजारी वाटता आल्या असत्या. डबा शेळ्यांच्या गोठ्यामागे ठेवता आला असता. शूइयाला हे सुचलं नाही असं नाही. पण तो वास सकाळ-संध्याकाळ घरात शिरायचा, आणि त्यात तिला मेलेली बहीण दिसायची नाही. दिसायची ती तिपानीच्या फांद्या उराशी धरून सासरी निघालेली सालिहा, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवणारी आई.

एके दिवशी दुपारी फुलं न्यायला जुब्रान आला. तो तिच्या आणि आणखी दहा जणींच्या कळ्या गाडीतून बाजाराला पोचवायचा. शूइया दाराआडूनच म्हणाली, "तो डबा उचल आणि वादीत टाकून दे."

"खाला, हा तर सालिहाचा..."

"टाक म्हटलं ना!"

जुब्रान तिच्या जिभेला भिऊन होता. त्याने डबा उचलला. गाडीचा आवाज लांब गेला तेव्हा घरात कसलाच वास नव्हता, आणि शूइयाला बरं वाटलं. लोकांसाठी केलं असं ती पुढे मनाला हजार वेळा समजावत राहिली. पण ते बरं वाटणं लोकांसाठी नव्हतं, आणि तेच तिला सोळा वर्षं टोचत राहिलं.

संध्याकाळी अबीर शेजारून खेळून आली. दारातली डब्याची गोल खूण बघून म्हणाली, "आईचा डबा कुठंय?"

"छाटायला दिलाय," शूइया म्हणाली.

इद्दत संपली त्या दिवशी सकाळीच तिने जुब्रानला गाठलं. कुठे टाकलास, निदान एक फांदी आणून दे. जुब्रान क्षणभर जमिनीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "खाला, मधे पूर आला नाही का? गेला असेल वाहून." शूइया तडक घरी आली, तसलाच तुपाचा डबा शोधला, वादीची वाळू आणि जुन्या लेंड्या कालवल्या, आपल्याच साध्या मोगऱ्याची पेन्सिलीएवढी फांदी घेतली, खालची पानं ओरबाडून दोन पेरं मातीत गाडली आणि डबा दारात त्याच जागी ठेवला. आयुष्यभर शेकडो फांद्या लावल्या होत्या, त्यातल्या कितीतरी वाळल्याही होत्या. ही फांदी मात्र पहिल्या फटक्यात जगली. खोट्याला मुळं लवकर फुटतात.

पोर वाढली. दोन वर्षांनी, सात वर्षांची असताना, ती एकदा डब्यापाशी उकिडवी बसून बोटाने पानं मोजत होती. शूइया पाठीमागे सुईत दोरा ओवत होती.

"यम्मा, आईच्या झाडाला तीन तीन पानं होती ना?"

सुई शूइयाच्या बोटात गेली. खरं सांगण्याची ती वेळ होती. पोर लहान होती, रडली असती, मरसा करून घातला असता आणि निजली असती. केळं, भाकरी, तूप, मध कुस्करून केलेल्या मरशापुढे त्या वयात कुठलंही दुःख टिकत नाही. पण शूइया म्हणाली, "नाही गं. दोनच. तुला चुकीचं आठवतंय."

अबीरने पानं पुन्हा एकदा बघितली, मान हलवली आणि खेळायला गेली. पुन्हा कधी विचारलं नाही.

डबा फेकणं हे एक. पण पोरीच्या हातात आईची म्हणून उरलेली एकच खरी आठवण होती, ती शूइयाने स्वतःच्या तोंडाने खोटी पाडली. हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून असेल, तिने त्या डब्यातल्या झाडाच्या फांद्या करून करून अकरा झुडपं केली, त्यांना सालिहाचं नाव दिलं आणि अबीरला आपली सगळी विद्या शिकवली. डोळे मिटून पान कसं चाचपायचं, कळी नखावर दाबून जात कशी सांगायची, वास एकदा घेऊन सोडून द्यायचा आणि मग पुन्हा घ्यायचा. लोक म्हणायचे, माय मरो, मावशी उरो, ते काय खोटं? शूइया ऐकून घ्यायची. चोराच्या मनात चांदणं. तिला वाटायचं, बाया मुद्दामच म्हणतात.

एकविसाव्या वर्षी अबीरचं लग्न ठरलं. मुलगा सामता गावातल्या शाळेत मास्तर. अबीरने सोन्याचं काही मागितलं नाही, कापडाचं मागितलं नाही. "डोक्यावर आईचा फुल्ल," एवढंच म्हणाली, "आणि जाताना त्याच्या तीन फांद्या." शूइया म्हणाली, बरं. सालिहाला दिलेला शब्द आता पाळायचा होता आणि पाळायला हातात काही नव्हतं. कयामतच्या दिवशी अमानत विचारतात म्हणे. शूइयाला तिथवर थांबायची गरज नव्हती. ती रोज दिवेलागणीला विचारली जात होती.

लग्नाला चार दिवस असताना धुळीचा वारा सुटला. तीन दिवस समोरचा माणूस दिसेना. वारा पडला तेव्हा शूइयाच्या सत्तर झुडपांवरच्या कळ्या तपकिरी होऊन गळल्या होत्या. सालिहाच्या रांगेत वाटीभरही निघेनात, आणि नवरीला हजारो लागतात. अबीर रांगेतून मागेपुढे फिरली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बाकीचा कुठलाही आण यम्मा. एक पदर तरी आईचा असू दे."

शूइयाला आतून हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला.

लग्नाच्या दिवशी पहाटेची नमाज होताच ती शेजाऱ्याच्या पिकअपमधून बीशकडे निघाली. तिकडे डोंगराच्या आडोशाला वारा कमी लागला होता, आणि जुब्रानची बायको मस्ऊदा तिथे कळ्या विकते हे तिने ऐकलं होतं. जुब्रानला जाऊन दोन वर्षं झाली होती. मस्ऊदाने हसून दार उघडलं, आलं घालून उकळलेला कॉफीच्या टरफलांचा किशर पुढे केला, आणि म्हणाली, आधी बाग तर बघा.

बोरीच्या झाडामागे, भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात, पुरुषभर उंचीचं, भिंतभर पसरलेलं, कळ्यांनी लगडलेलं एक झुडूप होतं. शूइया दहा पावलांवर होती तेव्हाच तिने ओळखलं. तरी ती गेली. सवयीने पान धरलं, पालथं केलं, आणि मग बोट फांदीवरून पेरापाशी नेलं. एक. दोन. तीन.

ती तिथेच मातीत बसली. मस्ऊदाला वाटलं ऊन लागलं, ती पाणी घेऊन धावली.

"हे कुठून आणलं?" शूइयाने विचारलं.

मस्ऊदा हसली. "आता सांगायला हरकत नाही खाला, तो गेला. तुम्हीच तो डबा टाकायला दिला होता. म्हणाला, हिरवंगार झाड वादीत फेकायला हात होईना. इथे आणून लावला. मागाहून तुम्ही विचारलंत तेव्हा घाबरला. म्हणाला, ऐकलं नाही म्हणून खाला मला सोलून काढेल. मग पुराचं सांगून टाकलं."

शूइयाच्या जिभेच्या भीतीने एक माणूस खोटं बोलला होता आणि ते खोटं तिने सोळा वर्षं खरं धरलं होतं. एका शब्दावर होता तिपानी. नीट विचारलं असतं, 'जुब्रान, चुकलं माझं' एवढं म्हटलं असतं, तर त्याच दिवशी डबा दारात आला असता.

तिने त्या झुडपावरच्या सगळ्या कळ्या मागितल्या, तीन फांद्या मागितल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवल्या. परतीच्या वाटेवर तिच्या मनाने एक बेत केला, आणि तो बेत तिला देवानेच धाडल्यासारखा वाटला. काही बोलायचं नाही. गजरे तिपानीचेच करायचे, आईचे म्हणून सांगायचे, आणि ते खरंच आईचे असतील. फांद्याही याच द्यायच्या. शब्द पाळला जाईल, पोरीला कळणार नाही, झाकली मूठ झाकलेलीच राहील.

दुपारभर तिने गजरे ओवले. बाहेरच्या खोलीत बायका गात होत्या, जाबिरा सर्वांत मोठ्याने. आत अबीर दोन्ही हातांची मेंदी सांभाळत बसली होती, बोटं फाकवून, कशालाही न शिवता. दिवेलागणीच्या सुमाराला कळ्या तोंड उघडू लागल्या. शूइयाने पहिला पदर उचलला आणि तिच्या कपाळावर टेकवला.

"हा तुझ्या आईचा."

अबीरने डोळे मिटले, श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. मग डोळे उघडले.

"हा आईचा नाही, यम्मा."

"धुळीने वास बदलला असेल."

"धुळीने वास जातो. जात बदलत नाही. तूच शिकवलंस." ती नाराज नव्हती, समजूत घालत होती. "नाही मिळाला तर राहू दे. पण दुसऱ्याचा आईचा म्हणून नको घालूस."

शूइयाच्या हातात पदर तसाच राहिला. सोळा वर्षांपूर्वी खोटं दिलं तर पोरीने ते खरं म्हणून उराशी धरलं, आणि आज खरं दिलं तर ती ते खोटं म्हणून परत करत होती. आता एकच वाट उरली होती. वास ओळखून ती म्हणाली असती, हो, आईचाच, तर शूइया आणखी वीस वर्षं गप्प राहिली असती. हे शूइयाला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.

"हाच तुझ्या आईचा आहे," ती म्हणाली. "दारातला माझा आहे. पहिल्यापासून माझा."

आणि मग तिने सगळं सांगितलं. डबा, इद्दत, जाबिराचं बोलणं, जुब्रान, पूर. आई आणि दोन लेकींचंही सांगितलं, ते बरं वाटणंही सांगितलं. आपली बाजू घ्यायला लागली की थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायची. बाहेर गाणं चालू होतं, त्यामुळे तिला मोठ्याने सांगावं लागलं. असल्या गोष्टी मोठ्याने सांगणं फार कठीण जातं.

अबीर ऐकत होती. मग म्हणाली, "फांद्या कुठंयत?"

शूइयाने ओलं फडकं उलगडलं. अबीरने मेंदीचं बोट अंतरावर धरून एका पेरावरची पानं मोजली. दुसऱ्या पेरावरची मोजली.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "तीन होती ना, म्हणून विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालीस, चुकीचं आठवतंय."

"हो."

"तेव्हापासून मला आईचं काहीही आठवलं ना, की वाटायचं, हेही चुकीचंच असेल. तिचा आवाज, तिचा निळा फडका. मग मी आठवायचंच सोडून दिलं."

हे शूइयाला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती एका झाडाचा हिशेब उरात घेऊन फिरत होती, आणि नुकसान झाडाचं नव्हतंच. तिला माफी मागायची होती, पण मागितली असती तर मेंदीच्या हातांनी, लग्नाच्या घटकेला, पोरीला तिचीच समजूत घालावी लागली असती. म्हणून ती गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती दुसऱ्यासाठी गप्प राहिली.

अबीरने मान खाली घातली, पदराजवळ नाक नेलं आणि बराच वेळ तशीच राहिली. काहीतरी शोधत होती. सापडलं नाही.

"कुणीच नाही यात," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि हात मेंदीचे म्हणून पुसता येईना. शूइयाने आपल्या ओढणीने पुसलं. अबीरने पुसू दिलं. मग ती ताठ बसली. "घाल. तिने सांगितलं होतं ना? घाल."

शूइयाने एकेक पदर चढवला. कपाळापासून छातीपर्यंत तिपानी, मधे सब्जा, मधे केवडा. बायका आत आल्या तेव्हा जाबिरा नाक वर करून म्हणाली, "हा कुठला फुल्ल? काय घमघमाट आहे!" शूइयाने तिच्याकडे पाहिलं. जिभेवर आलेलं गिळलं. "सालिहाचा," एवढंच म्हणाली.

निघताना अबीरने तीन फांद्यांचं फडकं स्वतःच्या हातात घेतलं. दारातल्या अकरा झुडपांकडे एकदा बघितलं. त्यातली एखादी फांदी मागेल, असं शूइयाला क्षणभर वाटलं. तिने मागितली नाही.

त्यानंतर घर रिकामं झालं. शूइया थंडीत पाणी तोडायची, छाटायची, लेंड्या घालायची, कामं तीच. मात्र दाराजवळच्या रांगेला काय म्हणायचं, हे तिला उमजेना. सालिहाची म्हणता येत नव्हतं. माझी म्हणायला तोंड होत नव्हतं. दुपार कलली की कळ्या खुडायला कुणी नव्हतं, त्या झाडावरच उमलायच्या आणि तो गोड वास अंगणभर पसरायचा. अबीर सोळा वर्षं त्याच वासाला आई म्हणत होती. तो वास शूइयाचा होता. म्हणजे पोरीला आई आली असं वाटायचं तेव्हा खरं तर शूइयाच येत होती, आणि हे कळायलाही तिला सगळं गमवावं लागलं.

सामत्याहून फोन यायचा तो अबीरच्या नवऱ्याचा. सलाम, तब्येत, अल्लाहची मेहेर. अबीर कामात आहे, तो म्हणायचा. शूइया कधी म्हणाली नाही, जरा तिला दे.

चाळीसेक दिवसांनी एके दुपारी फोन वाजला. अबीर स्वतः होती. मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता.

"दोन वाळल्या," अबीर म्हणाली. "एक लागली. फूट आलीय."

"किती पानं?" शूइयाने विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"तीन."

शूइयाला वाटलं, ठेवेल आता. पण अबीरने ठेवला नाही.

"पाणी किती घालू, खाला?"

सगळी वादी तिला खाला म्हणायची. वर्षानुवर्षं म्हणत होती, आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं. हाक बरोबर होती. एकही अक्षर चुकीचं नव्हतं. आईच्या बहिणीला खालाच म्हणतात, आणि ओळखायला तर तिनेच शिकवलं होतं.

"आठवड्यातून दोनदा," ती म्हणाली. "लाड करू नकोस त्याचे. माती वरून कोरडी झाली की मगच घाल."

"बरं."

"आणि पहिल्या वर्षी फुलला नाही तर घाबरू नकोस. जागा नवी आहे. त्याला वेळ लागतो."

"किती?"

"सांगता येत नाही, पोरी," शूइया म्हणाली. "पान पाठवशील तर बघून सांगेन."